वाडीचा हिशेब चुकीच्या वहीत

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षं एक वाक्य वारंवार कानावर येतं: "वीस-तीस गुंठ्यांची वाडी आता परवडत नाही." लग्नाच्या मांडवात, तलाठ्याच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर, भाऊच्या धक्क्याहून निघालेल्या लाँचमध्ये, सगळीकडे तेच. म्हणणारा मनाने वाईट असतो असं नाही. तो कधी पुण्यात नोकरी करणारा पुतण्या असतो, कधी बँकेतून निवृत्त झालेला मामा, कधी शेतीच्या अर्थशास्त्राचा अभ्यासक. तो कागद घेतो आणि मांडणी करतो. नारळ इतके, दर इतका, सुपारी इतके किलो. त्यातून पाडणाऱ्याची मजुरी वजा, शेणखत वजा, पंपाचं बिल वजा, घरातली माणसं राबतात त्यांची रोजंदारी वजा. शेवटच्या ओळीत तोटा निघतो. मग गुंठ्याचा भाव सांगितला जातो आणि तो आहे तोवर देऊन टाका, असा सल्ला येतो.

कागदावरच्या बेरजेत चूक नसते. चूक त्याआधीच झालेली असते, वही निवडताना. किराणा दुकानाची वही वाडीला लावली की वाडी तोट्यातच निघणार. हा सल्ला इतक्या घरांत इतक्या सहज मानला जातोय की त्याला एकदा सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

वाडी म्हटलं की शहरातल्या माणसाला नारळी-पोफळीची बाग दिसते. अलिबागजवळच्या अष्टागरातल्या घरात वाडी म्हणजे तेवढंच नसतं. थळ, किहीम, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही गावं समुद्र आणि मागचं खाजण यांच्यामधल्या रेताड पट्टीवर वसलेली आहेत. तिथे घर, घरामागे बावडी, बावडीभोवती माड आणि पोफळी, त्यांच्या सावलीत केळी, जायफळ, खोडावर चढवलेली मिरवेल, सांडपाण्याच्या कडेला अळू. पट्टी संपली की पूर्वेला भातखाचरं. खाली मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनकडे पोफळीचा जोर, आणि श्रीवर्धनी रोठा सुपारी तर बाजारात स्वतःच्या नावाने ओळखली जाते. हे सगळं मिळून एका कुटुंबाची एक शेती होते. 'तीस गुंठे' म्हणताना मोजणारा घरामागची झाडं तेवढी मोजतो. खाचर दुसऱ्या कागदावर, गोठा कुठेच नाही, आणि अंगणात जे काम होतं त्याला रकानाच नाही.

या घराचं वर्ष चैत्र-वैशाखात, राब भाजण्यापासून सुरू होतं. पाला, शेण, गवत पसरून रोपवाटिकेची जागा भाजतात, म्हणजे तण जळतं आणि भाताचं रोप जोमाने येतं. त्याच दिवसांत आगोटीची तयारी असते: मसाला कुटणं, पापड, वर्षाचे तांदूळ, आणि कोळीवाड्यातल्या बाईकडून ठरलेली सुकट, जवळा, बोंबील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, तेव्हा हीच बेगमी ताटात येते. पहिल्या सरींबरोबर कातकरी बायका शेवळाच्या जुड्या आणि सोबत काकडं घेऊन दारात येतात, कारण काकडांशिवाय शेवळं शिजवली तर घसा खाजतो, हे विकणारीला आणि घेणारीला दोघींना ठाऊक असतं. मग आवणी, बेणणी, श्रावणाची थोडी उसंत, गणपती, कापणी. भात निघालं की खाचराच्या उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. त्याला पाणी द्यावं लागत नाही. पौषात त्याच शेंगांची पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, पुन्हा तोंडाशी पाला ठासून मडकं उपडं, भोवती पेंढा आणि वाळक्या झावळ्यांचा जाळ. अर्ध्या तासाने कुणीतरी मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडतो, चर्र आवाज झाला की जाळ बाजूला. आज शहरातून लोक पैसे देऊन ही पोपटी खायला येतात. घरच्या कागदावर मात्र वालाच्या पुढे शून्यच लिहिलेलं असतं, कारण तो बराचसा घरात खाल्ला जातो.

इथेच पहिली फसगत आहे. जे विकलं ते उत्पन्न आणि जे खाल्लं ते काहीच नाही, असं धरून वाडी मोजली जाते. घरचे तांदूळ, घरचे नारळ, खोबरेल, वालाचं बिरडं, केळी, मिरी, अळू, शेवगा. झावळीचे झाप, हिरांचे खराटे, बंबाला सोडणं आणि करवंट्या. हे सगळं बाजारातून आणायचं झालं तर ते किरकोळ दराने आणावं लागेल. व्यापारी वाडीवर येऊन नारळ ज्या भावाने उचलतो तो भाव वेगळा, आणि दादरच्या बाजारात तोच नारळ ज्या भावाने मिळतो तो वेगळा. कागद मांडणारा मामा स्वतः दादरच्या भावाने नारळ विकत घेतो, आणि वहिनीच्या वाटणातल्या नारळाला मात्र व्यापाऱ्याचाही भाव लावत नाही.

दुसरी फसगत मजुरीची. घरातल्या माणसांची रोजंदारी धरून ती उत्पन्नातून वजा करायची, ही पद्धत कारखान्याची आहे. रशियन कृषी अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव्ह यांनी १९२५ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलं आहे. जे कुटुंब मजूर लावत नाही, त्याच्या हिशेबात मजुरी नावाची रक्कमच नसते. ते कुटुंब आपली गरज आणि आपले कष्ट यांचा मेळ घालत असतं. त्याच्यासमोर काल्पनिक पगारपत्रक धरलं तर प्रत्येक कुटुंबशेती दिवाळखोर दिसेल, आणि तरी ती पिढ्यानपिढ्या चालू राहील. चायानोव्ह यांना १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या. लहान शेती म्हणजे मागासलेपण असं मानणाऱ्यांना त्यांचं म्हणणं परवडणारं नव्हतं.

वाडीतलं काम पाहिलं तर ते कसं भागतं तेही दिसतं. सकाळी शिंपणं, ते झालं की शाळा, नोकरी, दुकान. पडलेली सुपारी वेचायचं काम आजी करते, कारण ते सावकाश चालत करायचं काम आहे. सुपारी अंगणात महिना-सव्वा महिना वाळते, तेवढे दिवस घरात कुणीतरी असावं लागतं एवढंच. तिच्यावर पूर्ण वेळ राबावं लागत नाही. या मिनिटांना रोजंदारीचा दर लावणारा माणूस, ती मिनिटं दुसरीकडे कुठे विकली जाणार होती हे सांगत नाही. सत्तर वर्षांच्या बाईला चार तासांच्या हलक्या, मानाच्या कामाची नोकरी या जिल्ह्यात कोण देणार आहे?

आणि झाडाचं वय. बाणवली माड सहा-सात वर्षांनी धरतो आणि पुढे साठ-सत्तर वर्षं फळतो. आज नागावात ज्या माडाचे नारळ उतरतात तो आजेसासूने लावलेला असतो, तिने पाणी घातलेलं असतं. वार्षिक जमाखर्चात तो माड कुठल्या वर्षाच्या खात्यावर टाकायचा? विकताना तो गुंठ्याच्या भावात फुकट जातो.

लहान जमीन म्हणजेच निरुपयोगी जमीन, हे तर सरकारच्याही वागण्याशी जुळत नाही. 'बाएफ' या संस्थेने १९८२ च्या सुमारास गुजरातेतल्या वांसद्यात आदिवासी कुटुंबांसाठी एक एकराची फळझाडांची बाग हा कार्यक्रम सुरू केला, त्याचं नावच 'वाडी'. नाबार्डने तो उचलून धरला आणि अनेक राज्यांत नेला. म्हणजे जी रचना डोंगरातल्या कुटुंबाला उभं करण्यासाठी कर्ज-अनुदान देऊन नव्याने बसवली जाते, तीच रचना किनाऱ्यावर आयती, फळती, शंभर वर्षं मुरलेली असताना मोडीत काढायची. केरळातल्या घराभोवतीच्या बागा, जावा बेटावरच्या 'पकारांगन' बागा, यांच्यावर जगभरचे अभ्यासक लिहितात, आणि आपल्याकडे मात्र ती पडीक भावकीची जमीन ठरते.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं उदाहरण अगदी ताजं आहे. कार्ले, खंडाळे, नेहुली या भागात भात कापल्यावर त्याच खाचरात हा कांदा लावतात. बियाणं घरचं, कांदे निवडून पुढच्या वर्षासाठी राखलेलं. काढणी झाली की बायका पडवीत बसून पातीसकट कांद्यांची वेणी घालतात. लहान कांदा शेंड्याला, मोठा मुळाशी, माळ टांगली की वजनाने सैल होऊ नये अशी. हात न चुकता चालतात आणि बोलणं सुरू असतं. हे क्षेत्र मोठं नाही, तुकड्यातुकड्यांचं आहे, कुणाचं दहा गुंठे, कुणाचं वीस. या कांद्याच्या भौगोलिक मानांकनाची बातमी सगळीकडे झळकली. माळा रस्त्याच्या कडेला टांगल्या जातात आणि साध्या कांद्याच्या कितीतरी वरच्या भावाने गाड्यांत चढतात. 'तुकड्यांची शेती संपली' असं सांगणाऱ्यांनी मार्च-एप्रिलात कार्लेखिंडीतून एकदा जाऊन यावं.

आता निसर्ग चक्रीवादळाकडे, कारण चुकीची वही किती महागात पडते हे त्या वर्षी उघड्यावर आलं. ३ जून २०२० ला दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरूड या भागात पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. माड मुळासकट आडवे झाले, बावड्या खोडांनी भरल्या, वीज काही ठिकाणी कित्येक आठवडे आली नाही. टाळेबंदीमुळे मुंबईची माणसं घरी होती, त्यांनीच कोयत्या-कुऱ्हाडींनी वाटा मोकळ्या केल्या. मग मदत जाहीर झाली: फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये.

हेक्टरचा हा दर वाडीवर उतरवून पाहा. गुंठ्याला साधारण पाचशे रुपये. तीस गुंठ्यांत दाटीने उभी असलेली शेकडो झाडं गमावलेल्या घराला पंधरा हजार. हेक्टर हे माप मोठ्या सलग बागेचं आहे. तिथे झाडं ठरावीक अंतरावर, एका जातीची, मोजायला सोपी असतात. वाडीत तीन मजले असतात, वर माड, मध्ये पोफळ, खाली केळ आणि जायफळ. जमिनीच्या क्षेत्रफळावर मोजलं की दोन मजले नाहीसे होतात. बागायतदारांनी हे ओरडून सांगितलं आणि मग झाडावर मदत देण्याचं ठरलं, नारळाला २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. रक्कम तुटपुंजीच होती. पन्नास रुपयांत पोफळ परत येत नाही, नवं रोप धरायलाच पाच-सहा वर्षं लागतात. पण एक गोष्ट त्या निर्णयाने मान्य केली, की वाडी झाडावर मोजायची असते. वही बदलता येते, आणि शासनाने ती एकदा बदलली आहे. मग रोजच्या चर्चेत, विम्यात, कर्जात, कुटुंबाच्या बैठकीत जुनीच वही का उघडायची?

वाडी विकली की काय होतं, यावर 'परवडत नाही'वाले बोलत नाहीत. त्यांच्या मते विक्रीचे पैसे बँकेत जातात आणि विषय संपतो. तो संपत नाही, तो शेजाऱ्याच्या बावडीत उतरतो. किनाऱ्याच्या रेतीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याचा एक फूट थर असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी टिकतं. वरचा तो फूट उपसला की खालचं खारं पाणी तेवढेच चाळीस फूट वर सरकू पाहतं. पूर्वी रहाटाची गाडगी ओंजळ ओंजळ पाणी वर आणत, आणि पाटाने झाडाच्या आळ्यात गेलेल्या पाण्यातलं बरंचसं रेतीतून पुन्हा खाली मुरत असे. त्याच पट्टीवर झाडं काढून फरशी घातली, पोहण्याचा तलाव केला, चार खोल्यांच्या चार न्हाणीघरांसाठी विंधनविहिरीवर पंप बसवला की पाऊस मुरायची जागा जाते आणि उपसा वाढतो. मग उन्हाळ्यात पलीकडच्या घरची बावडी मचूळ होते. मचूळ पाण्याने आधी पोफळ पिवळी पडते, मग तिचा मालक 'आता खरंच परवडत नाही' म्हणू लागतो, आणि या वेळी त्याचं म्हणणं खरं असतं. एका वाडीच्या विक्रीने शेजारच्या तीन वाड्या विक्रीला काढल्या जातात. हे नुकसान कुठल्याच खरेदीखतात लिहिलेलं नसतं.

कायदे नाहीत असंही नाही. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही, आणि १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. किहीमच्या किनाऱ्यावरचा एक अवाढव्य बंगला मार्च २०१९ मध्ये स्फोटकं लावून पाडावा लागला, यावरून बाकी किती उभे असतील याचा अंदाज येतो. मार्च २०२० मध्ये मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. शहर पाण्यावरून चालत आलं आहे. प्रवास सोपा झाला याबद्दल कुणाची तक्रार नाही, बाळंतिणीला रात्री मुंबईला नेण्याची वेळ ज्यांच्यावर आलेली आहे त्यांची तर नाहीच. पण रस्ता जवळ आला म्हणून घर विकायचं हा निष्कर्ष कुठून निघाला? रस्ता जवळ आला तर कांद्याची माळ आणि सोललेली सुपारी लवकर बाजारात पोचेल, असंही म्हणता आलं असतं.

"पण मुलं कुठे थांबतात?" हा प्रश्न मग विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याला वाटतं की आता उत्तर नाही. उत्तर इतिहासात आहे. या किनाऱ्यावरची कुटुंबं कधीच पूर्णपणे गावात राहत नव्हती. एक भाऊ गिरणीत, गोदीत, कचेरीत, दुसरा वाडीवर. बायकामुलं कधी इथे कधी तिथे. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात सगळे एका छपराखाली. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढी अमावास्येला घरी पोचायला निघालेले नोकरदार, विक्रीहून परतणाऱ्या बायका, व्यापारी त्यात होते. तेव्हाही मुंबई आणि वाडी यांच्यामधली ये-जा अशी भरगच्च होती. कुटुंबाचे दोन पाय दोन ठिकाणी, ही या शेतीची मुळातली रचना आहे. तिला आजचा बिघाड समजणारा माणूस एक पिढीही मागे पाहत नाही.

आणि त्या रचनेचा फायदा मुंबईने भरपूर घेतला. गिरणीतल्या पगारात म्हातारपण, आजारपण, बाळंतपण धरलेलंच नव्हतं. ते गावच्या घराने उचललं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि लांबतच गेला तेव्हा कोकणातले हजारो कामगार गावी परतले. गावच्या तांदळाने ती घरं तगली. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तेच झालं. ज्याच्या मागे वाडी होती त्याला भाड्याच्या खोलीत कोंडून राहावं लागलं नाही. हा परतावा कुठल्या व्याजदराने मोजायचा ते कागद मांडणाऱ्यांनी सांगावं.

वाडीच्या पट्टीपलीकडच्या भातखाचरांची तर गोष्टच वेगळी. चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी ऑक्टोबर १९३३ मध्ये खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी होते. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं नांगर धरला नाही, जळाऊ लाकूड विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, १९४८ मध्ये कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. त्या कुळांची नातवंडं-पतवंडं आज विक्रीचं टोकन घेऊन सह्या करताना पाहिली की वाईट वाटतं. त्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांना दोष देण्याआधी, गेल्या वीस वर्षांत खारबंदिस्तीची खांड वेळेवर कुणी बुजवली आणि खारं पाणी शिरलेल्या खाचराचा पंचनामा कुणी किती दिवसांनी केला, तेही विचारावं.

आता विरोधकांचा एक मुद्दा उरतो, आणि तो खरा आहे. या मोसमी कुटुंबजीवनाच्या आठवणी लिहिणारे बहुतेक मे महिन्यात आलेले पाहुणे असतात. त्यांच्यासाठी फणस कापणारी, तीस माणसांचं रांधणारी, पहाटे शिंपण करून पुन्हा चुलीपुढे बसणारी बाई त्या आठवणीत हसतमुख असते. तिची कंबर दुखते हे लिहिलं जात नाही. आवणीत दिवसभर वाकून उभी राहणारीही तीच, आणि कांद्याच्या वेण्या घालणारीही तीच. सातबारावर मात्र तिचं नाव नाही. म्हणून काही स्त्रिया स्वतःच म्हणतात, की विकून टाका एकदाची ही वाडी. त्यांचं म्हणणं आदराने ऐकलं पाहिजे.

पण विक्रीने त्यांचं काय भलं होतं, तेही पाहिलं पाहिजे. वाडी विकायची ठरली की पहिलं काम बहिणींना बोलावून हक्कसोडीवर सह्या घेण्याचं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हिस्सा दिला. किनाऱ्यावर तो हिस्सा एका साडीवर आणि जेवणावर सुटतो. पैसे भावांच्या खात्यात जातात, नंतर गाडी आणि सदनिकेत. बाईकडे बावडी राहत नाही, अळू राहत नाही, सुपारी विकून हाती येणारे चार स्वतःचे पैसेही राहत नाहीत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'तून बायकोचं नाव जमिनीला लावण्याचा आग्रह धरला होता. रायगडच्या वाड्यांना आज नेमक्या त्याच आग्रहाची गरज आहे. बाईच्या कष्टांवरचा इलाज म्हणजे तिचं नाव, तिचा हिस्सा, पुरुषांनी उचललेला घरकामाचा वाटा आणि सुपारी सोलायचं यंत्र. तिच्या हातून वाडीच काढून घेणं हा इलाज नव्हे.

कातकऱ्यांचं तसंच. झावळ्या उतरवणं, कुंपण घालणं, लाकूड फोडणं ही वाडीची जड कामं त्यांनी केली, आणि दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाण्याची पाळी त्यांच्यावर आली ती आलीच. वाडीने त्यांना वर्षभर पोसलं असा दावा कुणी करू नये. मात्र वाडीवर त्यांना मोसमामोसमाचं काम आहे, शेवळं-रानभाज्या विकायला ओळखीचं दार आहे. कुलूप लावलेल्या बंगल्याला एक राखणदार पुरतो. नारळ विकास मंडळ यंत्राने माडावर चढण्याचं प्रशिक्षण देतं, केरळात बायकाही ते शिकल्या आहेत. पाडायला माणूस मिळत नाही म्हणून माड सुकू देणाऱ्या गावाने आपल्याच शिवारातल्या कातकरी पोरांना ते शिकवून, नीट मजुरी आणि विमा देऊन कामाला लावायचं ठरवलं, तर 'परवडत नाही'च्या यादीतलं एक कारण तरी गळेल.

दिवेआगर-श्रीवर्धनकडे वादळानंतर लावलेल्या पोफळी आता हळूहळू धरू लागल्या आहेत. कोवळ्या पोफळीच्या खोडाला नैऋत्येकडून येणारं दुपारनंतरचं ऊन लागलं की ते भाजतं आणि पुढे तिथेच मोडतं, म्हणून त्या बाजूला केळी लावतात. पहिली पाच-सहा वर्षं घराला पोफळीकडून काही मिळत नाही. केळीचे घड उतरत राहतात आणि त्यांच्यावर तेल-मीठ निघतं. वादळात गेलेल्या झाडांच्या पंचनाम्यात अशा आंतरपिकालाही रकाना हवा, जायफळाला हवा, मिरवेलीला हवा, आणि पुढच्या वेळी तलाठी टेप घेऊन दारात येईल तेव्हा त्याच्यासमोर झाडं मोजून देण्याचा अधिकार रोज शिंपण करणाऱ्या बाईच्या नावावर हवा. या मागण्या ग्रामसभेच्या ठरावात मावतील एवढ्याच आहेत. दिवाळीच्या ग्रामसभेला मुंबईहून येणाऱ्या पुतण्यांनीही त्या वाचून दाखवायला हरकत नाही.